आठवा फॉर्म

जुलै लागला की आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली पोरं घोळक्यानं उभी राहतात आणि एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकावतात. कुणी काय भरलं, कुणी काय बदललं, कुणाचं पान मध्येच अडकलं. मेजर, मायनर, इलेक्टिव्ह हे शब्द त्यांच्या तोंडी अगदी सहज असतात. आमच्या वेळी एकच शब्द होता, ‘स्पेशल’. ‘तुझं स्पेशल काय?’ असं विचारलं की समोरचा एका शब्दात उत्तर द्यायचा, आणि त्या शब्दात त्याचं पुढचं सगळं आयुष्य बसलेलं आहे असं आम्हाला वाटायचं.

बाहेर नगरकडचा जुलै असतो. ढग रोज येतात, दुपारपर्यंत रेंगाळतात आणि काहीएक न देता पुढं निघून जातात. वारा मात्र भरपूर. तो खिडक्यांची तावदानं वाजवतो, स्टाफरूममधल्या कागदांवर पेपरवेट शोधायला लावतो. मी राहुरीकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. हा वारा सुटला, पोरांच्या बोलण्यात विषयांची नावं ऐकू यायला लागली, की मी जिन्याखालून जायचं टाळायचे. वर्षानुवर्षं टाळलं. या वर्षी टाळलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मी देवळाली प्रवराची. घरामागं ऊस, उसाच्या पलीकडं पाट, पाटाच्या पलीकडं पुन्हा ऊस. नगरला बी.एस्सी.ला आले तेव्हा फिजिक्स म्हणजे बारावीत बरे मार्क पडलेला विषय, एवढंच माझ्या मनात होतं. दुसऱ्या वर्षी डार्करूममध्ये पहिल्यांदा सोडियमचा दिवा पाहिला आणि काहीतरी बदललं. तो दिवा लावल्याबरोबर पिवळा होत नाही. आधी लालसर, आजारी दिसतो. मग चार-पाच मिनिटांत हळूहळू तापत जातो आणि खोलीभर एकच एक पिवळा रंग भरतो. त्या उजेडात बाकी सगळे रंग मरतात. माझी हिरवी ओढणी काळी दिसायची, समोरच्याचे ओठ काळे. पहिल्या दिवशी मी हसत सुटले होते. माझी पार्टनर हसली नाही. ती उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘एक न्हाई गं, दोन रेघा हायेत. अगदी चिकटून. बघ.’’

ती रूपाली. मिरजगावची. दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर प्रयोग केले. मी बोलायचे, ती मोजायची. व्हर्नियरच्या बारीक रेघा वाचायला भिंग डोळ्याला लावलं की तिचा श्वाससुद्धा थांबायचा. वर्गात मात्र ती कधी उत्तर द्यायची नाही. सरांनी उभं केलं तर खाली बघायची. मग बसल्यावर माझ्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबर उत्तर लिहून ठेवायची.

दुसरं वर्ष संपलं आणि स्पेशल निवडायची वेळ आली. बहुतेकांनी केमिस्ट्री घेतलं. त्यात नवल नव्हतं. नगरच्या आणि सुप्याच्या एमआयडीसीत कंपन्या होत्या, त्यांना लॅबमध्ये केमिस्ट लागायचे, आणि प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी त्या कंपनीच्या बसमध्ये बसणारा होताच. फिजिक्सच्या बाजूला आम्ही उरलो सात जण. सहा मुलं आणि मी.

विभागप्रमुख गाडेकर सर शांत माणूस. खडूचा डाग कधी शर्टावर पडू द्यायचे नाहीत. त्यांनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं आणि भिंग पुसत पुसत सांगितलं, ‘‘ऑफिसनं नोटीस लावली आहे, आठ झाले तरच वर्ग. शनिवारपर्यंत मुदत आहे. नाहीतर तुम्हाला केमिस्ट्रीत नाहीतर गणितात घालतील.’’

‘‘आणि तुम्ही काय करणार सर?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘मी पहिल्या वर्षाला शिकवेन,’’ ते म्हणाले. भिंग स्वच्छ झालं होतं, तरी पुसत राहिले.

आम्ही सात जण बाहेर आलो आणि व्हरांड्यात नुसते उभे राहिलो. कुणीतरी म्हणालं, आठवा कोण मिळेल. माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा होता. रूपालीनं फॉर्म भरला नव्हता. फॉर्म घेऊन ती गावी गेली होती. जाताना मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, ‘‘घरी केमिस्ट्री म्हनतात. बघू. तू ये ना एकदा आमच्याकडं. गुरुवारी अण्णा घरी असत्यात, बाजारामुळं बाहेरची कामं घेत न्हाईत.’’ मला ते निव्वळ आमंत्रण वाटलं.

गुरुवारी सकाळी मी सोलापूरच्या रस्त्याची एसटी पकडली. खिडकीतून दिसणारं रान माझ्या ओळखीचं नव्हतं. आमच्याकडं डोळा जाईल तिथं हिरवं. इथं उघडी जमीन, लांबवर पसरलेली, पेरलेली आणि वाट बघणारी. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडं चाललीस? मी म्हटलं, मैत्रिणीकडं. मनात म्हटलं, आठवा माणूस आणायला. खिडकीत बसून मी काय बोलायचं ते पाठ करत होते, तोंडी परीक्षेला जावं तसं.

रूपालीचे वडील, अण्णा, मोटारी बांधायचे. विहिरीवरच्या, बोअरच्या. हायवेला लागून पत्र्याचं दुकान आणि मागं दोन खोल्यांचं घर. दुकानात जळालेल्या मोटारी ओळीनं पडल्या होत्या, तांब्याच्या तारेची वेटोळी खिळ्यांना टांगलेली. सगळीकडं वॉर्निशचा वास. गोडसर, डोक्यात बसणारा. अण्णा जमिनीवर मांडी घालून एका मोटारीच्या खाचांत तार भरत होते. मी आले तरी हात थांबले नाहीत. म्हणाले, ‘‘ये, ये. देवळालीची व्हय तू? लई लांबून आली. रूपे, च्या टाक.’’

चहा झाला. मी सुरुवात केली. काय काय बोलले ते आज आठवून कान तापतात. फिजिक्समुळं जग कसं चालतं, मोबाईल कसा चालतो, उपग्रह कसा चालतो. केमिस्ट्रीला काय, सगळेच जातात. रूपालीसारखी हुशार मुलगी तिथं गर्दीत हरवेल. तिची आई दाराशी बसून शेंगा फोडत होती. रूपाली भिंतीला टेकून, खाली बघत. अण्णा ऐकत होते आणि तार भरत होते.

‘‘आमचा भाचा सुप्याला हाय,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तो म्हनतो, केमिस्ट्री केली की लगेच घेत्यात. फिजिक्सवाल्याला कुठं घेत्यात?’’

‘‘खूप ठिकाणी घेतात, काका.’’

‘‘कुठं पन?’’

मला एकही ठिकाण आठवेना. बसमध्ये पाठ केलेलं सगळं उडून गेलं. आणि वीस वर्षांच्या मुलीला जे सुचू शकतं ते मला सुचलं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही तिच्या नोकरीची काळजी सोडा. ती जबाबदारी माझी.’’

अण्णांनी पहिल्यांदाच हात थांबवून माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत. आठ जण लागतात, त्यातला एक कमी आहे, तो मिळाला नाही तर माझं फिजिक्स जातं, यातलं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते बघत होते आणि मला वाटत होतं, यांना कळलंय.

मग त्यांनी समोरची मोटार माझ्याकडं वळवली. ‘‘बरं, हे सांग. तीन फेजची मोटार हाय. चालू असताना एक फेज गेला, तरी ती फिरत ऱ्हाती. तापती, पन फिरती. तीच बंद असली अन् दोन फेजवर चालू केली, तर नुसती घुमती. जागची हलत न्हाई. असं का? फिजिक्समधी असंल की हे.’’

असेल, नक्की असेल. पण मला येत नव्हतं. दुकानात एका ट्रकचा हॉर्न आला आणि गेला. दाराशी शेंगा फुटायचा आवाज थांबला.

‘‘अण्णा,’’ रूपाली म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती, पण आवाज स्पष्ट होता. ‘‘तीन फेज एकामागं एक येत्यात ना, त्यामुळं चुंबकाचा जोर आतल्या आत गोल फिरतो. मोटार त्याच्या मागं पळती. एक फेज गेला की तो जोर फिरत न्हाई, नुसता मागं-पुढं होतो. मागं-पुढं म्हंजे सारख्या ताकदीची दोन फिरणारी चुंबकं, एक इकडून, एक तिकडून. थांबलेल्या मोटारीला दोन्हीकडून सारखीच ओढ. ती कुनाकडं जानार? आधीच एका अंगाला फिरत असली, तर त्या अंगाची ओढ जास्ती. म्हनून फिरत ऱ्हाती.’’

अण्णांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘दोन फेजवर घुमनारीला दोरी गुंडाळून झटका दिला की पळती. ज्या बाजूनं दिला त्या बाजूला. म्हंजे असं हाय का ते.’’ आणि रूपालीच्या आईकडं वळून, ‘‘ऐकलं का गं? इतकी वर्षं बांधतोय मी ह्या.’’

फॉर्मचं कुणी काही बोललं नाही. जेवताना बोलणं पावसाचं झालं. निघताना अण्णांनी मला एसटीपर्यंत सोडलं आणि गाडी आल्यावर म्हणाले, ‘‘शनिवारच्या आत येईल ती फॉर्म घेऊन.’’

ती आली. ऑफिसच्या खिडकीत आठवा फॉर्म पडला तेव्हा आम्ही सात जण खांबामागून बघत होतो. क्लार्कनं शिक्का मारला आणि आमच्यातल्या एकानं चक्क शिट्टी वाजवली. गाडेकर सरांनी त्या दिवशी केरसुणी मागवून तिसऱ्या वर्षाची खोली स्वतः उभं राहून झाडून घेतली. आठ बाकं पुढं ओढली, बाकीची मागं रचली. मग म्हणाले, एक पेपर ऐच्छिक आहे, पण वर्ग एवढासा, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच घ्यावा लागेल. ध्वनिशास्त्र की मटेरियल सायन्स? हात वर केले तर चार-चार. पुन्हा केले, पुन्हा चार-चार. तिसऱ्या वेळी रूपालीनं बाजू बदलली आणि मटेरियल सायन्स आलं. का बदललीस विचारलं तर म्हणाली, ‘‘जेवायची वेळ झाली.’’ त्या जुलैइतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. वाऱ्यानं सगळ्यांच्या वह्या उलटसुलट व्हायच्या आणि आम्ही त्या सावरत फिदीफिदी हसायचो.

पुढचं वर्ष सरळ गेलं नाही. क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरात रूपाली अडकली. तोंडपाठ करायची तिला सवय नव्हती आणि समजून घ्यायला वेळ पुरला नाही. निकाल लागला त्याच आठवड्यात केमिस्ट्रीच्या अकरा जणांना सुप्याच्या एका कंपनीनं घेतलं. निळ्या गणवेशातले त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. रूपालीनं हॉस्टेलची खोली सोडली. तिची पेटी रिक्षात चढवायला मी गेले होते. तिनं मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले, मग नेट, मग नोकरी, लग्न. रूपालीचा नंबर प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आपोआप यायचा. मी तो कधी लावला नाही. लावला आणि अण्णांनी उचलला तर? ‘ती जबाबदारी माझी’ असं म्हणणाऱ्या मुलीनं काय बोलायचं? कुणीतरी सांगितलं, ती घरीच आहे. पुढं कुणीतरी सांगितलं, लग्न झालं. त्यापुढचं मी ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर दर जुलैत पोरं माझ्या टेबलापाशी यायची. मॅडम, फिजिक्स मेजर घेऊ का? मॅडम, मायनरला गणित घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स? मी अभ्यासक्रमाचं पान पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, ‘‘तुझं तू ठरव.’’ सहकारी म्हणायचे, मॅडमचं तत्त्व आहे, मुलांवर काही लादत नाहीत. मी ते ऐकून घ्यायचे. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. पुन्हा कुणाच्या दुकानात बसून तोंड चालवायची भीती होती.

गेल्या हिवाळ्यात मुलांची औद्योगिक सहल सुप्याला गेली. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी. शेवटी आम्हाला मोजमापाच्या खोलीत नेलं. बाहेर यंत्रांचा गदारोळ आणि आत एकदम शांत, गार. दाराबाहेर चपला काढायच्या, आत हळू बोलायचं. निळ्या कोटातली एक बाई मुलांकडं पाठ करून एका ठोकळ्यावर काहीतरी मोजत होती. ती वळायच्या आधीच मला कळलं. श्वास थांबवून मोजायची ती तऱ्हा दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

‘‘या खोलीत वर्षभर वीस अंश ठेवतो,’’ ती मुलांना सांगत होती. ‘‘कारण लोखंड तापलं की वाढतं, अन् मग माप खोटं पडतं.’’ मुलांनी प्रश्न विचारले, तिनं एकेकाला उत्तर दिलं. मान वर करून. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘मॅडमना काही विचारायचंय का?’’ आणि हसली.

कॅन्टीनमध्ये मुलं एका बाजूला जेवायला बसली, आम्ही दोघी खिडकीशी. ती सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. अडकलेला पेपर पुढच्या परीक्षेत सुटला. मग यंत्रं तपासण्याच्या एका लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागली. तिथं केमिस्ट्रीवाले नकोच होते. तिथून इथं. नवरा याच कंपनीत, मुलगी दुसरीत. अण्णा अजून मोटारी बांधतात, फक्त आता डोळ्याला भिंग लावून. मी ताटातली भाजी नुसती चिवडत होते.

‘‘रूपे,’’ मी म्हटलं, ‘‘मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तुझ्यासाठी आले नव्हते. आम्हाला आठवा माणूस हवा होता.’’

‘‘माहीत हाय की. नोटीस मी पन वाचली होती.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘अगं, माझा फॉर्म भरून तयार होता. मंगळवारीच. पेटीत साड्यांच्या खाली. पन अण्णांच्या सहीची जागा मोकळी होती, अन् त्यांच्यापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत न्हवता. म्हनून तर तुला गुरुवार सांगितला.’’ तिनं पोळीचा तुकडा मोडला. ‘‘तू बोलत बसलीस ना, म्हनून मला मधी बोलता आलं. नाहीतर मी आजपर्यंत भिंतीला टेकून बसले असते.’’

मी विचारलं, ‘‘आणि नोकरीची जबाबदारी माझी म्हणाले ते?’’

ती इतकी मोठ्यानं हसली की मुलांनी वळून बघितलं. ‘‘तू गेल्यावर अण्णा किती हसले म्हनून सांगू! आईला म्हनले, ही एवढीशी पोर दुसऱ्याच्या पोरीच्या नोकरीची हमी देती. पन मैत्रीन अशी असली तर आपली पोरगी एकटी पडायची न्हाई. अन् सही केली.’’

हसू ओसरलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘एकटी पडले पन. नापास झाले त्या वर्षी. तुझा फोन येईल वाटायचं मला.’’

मी तिचं करिअर बुडवलं, या भीतीनं इतकी वर्षं वाकून चालले होते. ते मी केलंच नव्हतं. केलं होतं ते वेगळंच, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मी ‘चुकलं माझं’ म्हटलं. ती म्हणाली, ‘‘व्हय, चुकलंच,’’ आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढली.

परतताना बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. मी खिडकीला डोकं टेकलं. अंगातून काहीतरी सैल होत चाललं होतं, मानेपासून खाली, जड दप्तर उतरवल्यावर खांदे आधी हलके आणि मग दुखरे होतात तसं. मध्येच मोबाईल वाजला. रूपाली. ‘‘काही नाही,’’ ती म्हणाली, ‘‘नंबर चालतो का बघितलं.’’ आता दर आठ-दहा दिवसांनी आम्ही एकमेकींचा नंबर चालतो का बघतो.

या जुलैत ढग आले आणि गेले. परवा दुपारी पहिलं वर्ष पास झालेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. आली तशी उभीच राहिली. मोबाईलवर फॉर्म उघडा, फिजिक्सवर खूण केलेली, पण पाठवलेला नाही. ‘‘मॅडम, काय घेऊ?’’ तिनं विचारलं. माझा हात सवयीनं अभ्यासक्रमाच्या पानाकडं गेला. मग मी तो मागं घेतला आणि तिला खुर्ची दिली.

‘‘तू तर ठरवलंयस,’’ मी म्हटलं. ‘‘घरी कुणाला सांगायचं राहिलंय?’’

तिनं खाली बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘मामांना.’’

‘‘रविवारी असतात का घरी?’’ मी विचारलं.

ती हो म्हणाली, आणि मी पत्ता लिहून घेतला.